बहिणीचं घ्यायचं नसतं

त्या वर्षी आमच्या घरात प्रत्येक भाजी दोनदा मरायची. हे वाक्य आईचं आहे, माझं नाही. आधी चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी मोरीत, मग उकळायची, तेही पाणी मोरीत, आणि जो बिनरंगाचा चोथा उरेल तो बाबांच्या ताटात. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि भाजीतलं जे काही चांगलं असतं तेच त्यांना चालत नव्हतं. शेंगदाण्याची चटणी बंद, चिंच बंद, खोबरं बंद, पाणी मापून. आम्ही हैदराबादेत नल्लकुंट्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली करी पॉइंट आहे, म्हणजे नुसत्या आमट्या-भाज्या पिशवीत बांधून देणारं दुकान, भात लोक आपापल्या घरी लावतात. संध्याकाळ झाली की खालच्या मोठ्या कढईत लसूण पडायचा, तो चर्रर्र आवाज वर यायचा, मग गोंगुऱ्याचा, म्हणजे अंबाडीचा आंबट वास, मग पप्पूचा, म्हणजे डाळीचा, आणि बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून हे सगळं नाकाने जेवायचे. आई म्हणायची आत या, उगाच जिवाला त्रास. ते म्हणायचे, वासात पोटॅशियम नसतं.

मी हे फोनवर टाइप करतेय, भराभर, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या. मराठी मला बोलता येतं, वाचताना मात्र अजूनही बोट ठेवावं लागतं. सगळं शिक्षण इंग्लिशमधून, मैत्रिणी तेलुगू, बसमध्ये दक्खनी हौ-नक्को. आणि बाबा काय, तर जामबागेतल्या मराठी शाळेत मराठीचे मास्तर. वर्गात मुलं इतकी कमी झाली होती की ते हजेरी न घेता नुसती मान वर करून बघायचे. स्वतःच्या मुलीला नीट वाचता येत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं, पण बोलले कधी नाहीत. डायलिसिस सुरू झालं तेव्हा मात्र त्यांना मी आयती सापडले.

दिवसाआड विद्यानगरच्या बाजूला एका हॉस्पिटलात जायचं. आई बरकतपुऱ्यात एका ऑफिसात हिशेब बघायची, तिला सुट्टी मिळायची नाही, म्हणून मी. सकाळी ऑटो, मग तो थंड हॉल, ओळीने मशीन, प्रत्येक मशीनला एक माणूस लटकलेला, सगळ्यांचे चेहरे एकाच मातीचे. एसीची घरघर आणि मधूनच एखादं मशीन पीं पीं करायचं, सिस्टर येऊन बटण दाबायची, परत शांत. चार तास करणार काय. पहिले काही दिवस मी रील्स बघितले. मग एकदा बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "मयू, देणे. समानार्थी शब्द सांग."

"आता?"

"मग कधी. सांग."

"दान करणे, अर्पण करणे, प्रदान करणे." हे मला गूगलने सांगितलं होतं.

"हे समारंभातले झाले. घरातले सांग."

मला एकही येईना. मग ते बोलायला लागले, हळूहळू, दम घेत. देवाला फूल वाहतो. पाहुण्याला ताटात वाढतो. भिकाऱ्याला घालतो. गाईला टाकतो. सवाष्णीची ओटी भरतो. लग्नात आहेर करतो. बहिणीला ओवाळणी घालतो. "एकाच्या जागी दुसरं ठेवून बघ. पाहुण्याला जेवायला टाकलं, म्हण."

"पाहुणा उठून जाईल."

"जाईलच. म्हणजे समानार्थी कुठे झाले? परीक्षेपुरते असतात ते. कोण कुणाला देतोय, देणारा वर की घेणारा वर, हे आपल्याकडे क्रियापदच सांगून टाकतं. नुसतं दिलं असं क्वचितच असतं."

सिस्टर म्हणाली, सार, थोडा सो जाव. बाबा म्हणाले, हौ अम्मा, और गप्प झाले. बघा, "और" आलं. ठेवते तसंच, मी अशीच बोलते. तर त्या दिवसापासून त्या हॉलमध्ये माझं मराठी सुरू झालं. आज मी जे काही लिहितेय ते त्या मशीनच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून शिकलेलं आहे. कंटाळाही खूप यायचा, खोटं कशाला बोलू. मला अठरावं लागलं होतं, कॉलेजचं पहिलं वर्ष, बाकीच्या पोरी तलावाकाठी टँकबंडवर फोटो काढत होत्या आणि मी घालणे आणि वाढणे यातला फरक शिकत होते.

डॉक्टर म्हणाले होते मशीनवर किती काळ काढणार, कुणी घरचं किडनी देत असेल तर बघा. आईला शुगर, ती पहिल्याच दिवशी बाद. मी म्हटलं मी देते, तर बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत बोललेच नाही, आणि डॉक्टरही म्हणाले एवढ्या लहान मुलीची नको. राहिली शोभाआत्या. बाबांची धाकटी आणि एकुलती एक बहीण, उदगीरला असते, बी.ए. झालेली आहे, खत-बियाण्याचं दुकान तीच चालवते. काका म्हणजे तिचे मिस्टर शेती बघतात. तिचा फोन आला तो मीच उचलला. म्हणाली, "मयू, माझ्याकडं दोन हायेत म्हणं. एक तुझ्या बापाला पाठवून देते." जसं काही डब्यात घालून एसटीने पाठवणार होती. काकांनी एवढंच विचारलं होतं म्हणे, हरभरा काढायला तरी परत येशील ना.

बाबा नाही म्हणाले. भांडले नाहीत, चिडले नाहीत, फक्त नाही. "बहिणीचं घ्यायचं नसतं. बहिणीला द्यायचं असतं."

हे काही त्यांनी त्या दिवशी शोधून काढलं नव्हतं. मी लहानपणापासून बघत आलेय. उदगीरला जाताना बाबा मोजमाप न करता घ्यायचे, मोसंबी, कराची बिस्किटं, आत्याला साडी, पोरांना कपडे. तिथे दोन दिवस राहायचे आणि निघताना आत्याने पिशवीत तुरीची डाळ कोंबली की गुपचूप काढून तिच्या कोठीत ठेवून यायचे. मग ती स्टँडवर पोराला पळवायची डाळ घेऊन. माझे आजोबा तर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, आई सांगते, दारातल्या लिंबाखाली बसून आपलीच भाकरी सोडायचे. दिलेल्या मुलीच्या घरचं घेतलं तर देणं फिटतं की नासतं की काय, ते मला कधी नीट कळलं नाही. पण बाबांसाठी ते पुस्तकातलं नव्हतं. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि भरल्या हाताने यायचं नाही. आणि ते आता मला सांगत होते की एवढ्यासाठी ते मशीनला लटकून राहतील, आणि मशीन किती दिवस साथ देणार होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आई तेव्हा इतकी थकली होती की तिचा आवाज चढायचाच नाही. ती दोडका उकळत होती. पाठमोरीच म्हणाली, "मग लोकांना काय सांगू मी? नियमाने गेले म्हणून?"

दोन-तीन दिवसांनी जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसले आणि उठेचनात, खालच्या करी पॉइंटवाल्या अण्णाने त्यांना धरून वर आणलं, आणि त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः आत्याला फोन लावला. म्हणाले, ये. पण मी आधी तुला देणार, मग तू मला. आत्या म्हणाली, बरं बाबा, दे.

ती आली तेव्हा घरात परत आवाज आला. दोन वेळा भाकरी थापल्याचा आवाज, खालच्या भाजीवाल्याशी दक्खनीत घासाघीस, फोनवर दुकानातल्या पोराला शिव्या. येसर, म्हणजे आमटीला लावायचा भाजका मसाला घेऊन आली होती, तो डबा उघडला की बाबा बाल्कनीतून आत यायचे. टेस्ट झाल्या, रक्त काय नि काय, सगळं जुळलं. सगळ्यात शेवटी हॉस्पिटलच्या समितीसमोर मुलाखत असते. देणारा राजीखुशीने देतोय ना, कुणी जबरदस्ती तर केली नाही, विकत तर नाही ना घेतली, हे ते विचारतात आणि त्याचं शूटिंग करतात.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी बाबांनी आत्याला पाटावर बसवलं. आईने ओटी भरली. बाबांनी नवी साडी दिली, आणि मग कपाटातून आजीच्या सोन्याच्या पाटल्या काढल्या, माझ्यासाठी ठेवलेल्या, आणि तिच्या हातात स्वतः चढवल्या. फुगलेल्या बोटांनी त्यांना ते जमत नव्हतं, आत्याच हात गोळा करून मदत करत होती. कितीतरी दिवसांनी बाबांचा चेहरा मोकळा वाटला. आम्हाला तिघींनाही बरं वाटलं. यात काही चूक असू शकते असं आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आत्या तीच साडी नेसून, त्याच पाटल्या घालून आमच्याबरोबर ऑटोत बसली.

लहान खोली होती. टेबलाच्या पलीकडे एक डॉक्टर मॅडम, बाजूला एक वकील वाटावेत असे गृहस्थ, कोपऱ्यात कॅमेरा. मॅडम तेलुगू, पण चांगलं हैदराबादी हिंदी बोलत होत्या. मी मराठीचं काही अडलं तर सांगायला. नाव, गाव, नातं, सगळं सरळ गेलं. मग मॅडमनी विचारलं, "अम्मा, इसके वास्ते आपको कुछ दिये क्या? पैसा, सोना, कुछ?"

"दिये ना," आत्या म्हणाली. "भाई है, कैसा नहीं देता. साडी दिये. ये पाटल्या दिये, हमारी मां के. आज सुबेच दिये." आणि तिने दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरले, नीट दिसावं म्हणून जरा वळवून.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वकिलांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बाबा मागून उठले, "मॅडम, हमारे में रिवाज है, बहन से खाली हाथ नहीं लेते."

"सर, रिवाज कॅमेरे में नहीं दिखता," मॅडम म्हणाल्या. वाईट वाटलं असावं त्यांना, आवाज खाली होता. "सोना दिखता."

फाईल थांबली. नामंजूर नाही, थांबली. घेतलेलं परत करा, चौकशी होईल, मग परत मुलाखत. बाहेर आल्यावर आत्या मला म्हणाली, "खोटं बोलायचं हुतं का मी?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग?" आता नोकरीला लागल्यावर मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये लाच कशाला म्हणतात यावर एक कोर्स केला, सगळी उत्तरं बरोबर आली, आणि प्रत्येक प्रश्नाला मला आत्याचे ते वळवून धरलेले हात दिसत होते.

घरी आल्यावर आत्याने पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, साडी बदलली आणि कुणी न सांगता दुधी चिरायला घेतला. बाबा समोर बसले होते. मग बाबा म्हणाले, "राहू दे, शोभे. तू गावाकडे जा. हरभरा बघ."

"आन् तू?"

"मशीन आहे. असं फुकट घेणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आजवर तुझ्याकडून काही घेतलं नाही, आता जाताजाता कशाला."

आई दारात उभी होती, तिने भिंतीला डोकं टेकलं. बाबा ज्या आवाजात बोलले तो ठरल्याचा आवाज होता, रागाचा असता तर उतरला असता.

आत्याने सुरी थांबवली नाही. "भाऊ, गावचं शेत कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"समदं?"

"हो, सगळं. म्हणजे तू हक्कसोड केलीस ना तेव्हा."

हक्कसोड म्हणजे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही त्या दिवशीच कळलं. वडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा असतो, आणि आमच्याकडे बहुतेक बहिणी कचेरीत जाऊन सही करून तो भावाच्या नावे सोडतात. कुणी म्हणत नाही कर, पण न करणारीकडे लोक बघतात.

"मी सही केले त्या दिवशी," आत्या म्हणाली, "कचेरीच्या बाहीर तू मला साडी दिलास. आमसुली. तू म्हणलास, शोभेला काही कमी पडू द्यायचो नाही. खरंय, पडू दिला न्हाईस. दर दिवाळीला दिलास. मी बी दर दिवाळीला घेतले. आन् तू म्हणलालास, तुझ्याकडून काही घेतलं न्हाई."

"ते तू सोडलं होतंस."

"हां. सोडलं. दिलं म्हणले असते तर तू घेतला असतास का? घेतला नसतास. मग काय करावं. सोडलं म्हणले, का मंग समद्यालाच सोपं जातंय. तुमी देताव, आमी सोडताव. पर भाऊ, म्या सोडलेलं कुणीतरी उचललंच की."

ती हे भांडून बोलत नव्हती. दुधीच्या फोडी पाण्यात टाकत टाकत बोलत होती. बाबा तिच्याकडे न बघता त्या पाण्याकडे बघत होते. ज्या माणसाने मला मशीनच्या शेजारी बसून इतकी क्रियापदं मोजून दाखवली होती त्याच्या यादीत हे एक नव्हतं, आणि ते नाही हे त्यांना आत्ता कळत होतं, माझ्यादेखत. ते उठून बाल्कनीत गेले. खाली कढईत लसूण पडला. आई पुढे आली, आत्याच्या हातातून पातेलं घेतलं, पहिलं पाणी मोरीत ओतलं आणि दुसरं भरलं.

आत्या गेली नाही. दुकान फोनवरून चालवत होती. बाबा जा म्हणाले नाहीत आणि राहा म्हणाले नाहीत. डायलिसिसला मी जायचे, त्या दिवसांत त्यांनी एकही शब्द विचारला नाही. मीच एकदा म्हटलं, बाबा, आज काय. ते म्हणाले, आज काही नाही, तू बघ तुझा फोन. मी फोन काढला आणि काहीच न बघता हातात धरून बसले. त्यांचे पाय सुजले होते, मोजे काढले की त्वचेवर मोज्याची जाळी तशीच राहायची. मला वाटत होतं समितीचा निरोप येईल तेव्हा ते येणारच नाहीत.

निरोप आला. बाबांनी शर्ट घातला आणि खाली जाऊन ऑटो थांबवला, म्हणून आम्ही गेलो.

ऑपरेशन नंतर झालं, वेळेत झालं, आत्याने तो हरभरा काढायला माणसं लावली आणि पुढचा स्वतः काढला, बाबा त्याच शाळेतून रिटायर झाले. ते सगळं डॉक्टरांचं काम. माझ्यापुरतं सगळं त्या लहान खोलीतच संपतं.

तीच खोली, तेच टेबल, त्याच मॅडम. आत्याच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, अंगावर घरची साडी. मॅडमनी विचारलं, कुछ दिये? नहीं. बाद में कुछ देने का बोले? नहीं. खुशी से दे रहे? हौ. मग मॅडम बाबांकडे वळल्या.

"सर, आपको चाहिये ना? बोलके बताना पडता."

बाबा म्हणाले, "मेरी बहन की इच्छा है तो."

"बहन का मैं पूछ ली. आपका बोलो."

कॅमेऱ्याचा लाल ठिपका चालू होता. वकिलांनी घड्याळाकडे बघितलं. मी आत्याच्या मागे बसले होते, मला तिचा अंबाडा आणि मान दिसत होती, ती हलत नव्हती. मला वाटलं आता बाबा मास्तरांसारखं काहीतरी बोलतील, ऋणी आहे वगैरे, आणि त्यांनी काहीही बोलावं आणि आपण घरी जाऊन झोपावं असं झालं होतं. त्यांनी खुर्ची फिरवली. मॅडमकडे पाठ झाली. पहिल्यांदाच ते आत्याकडे सरळ बघत होते, त्या दुधीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"शोभे," ते म्हणाले, "मला दे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "क्या बोले?"

"मांग रहे, मॅडम," मी म्हटलं.

मॅडम लिहायला लागल्या. आत्या लगेच हो म्हणाली नाही. पदर खांद्यावर नीट घेतला, बाबांकडे बघत राहिली.

"अजून एकदा म्हण, भाऊ," ती म्हणाली.

आणि बाबांनी परत म्हटलं, आधीपेक्षा जरा मोठ्याने.